एका दिवसात अकरा देवळं

आमच्या सोलापूरच्या गिरणीत धोटे फार फुटायचे. धोटा म्हणजे साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या सुताच्या मधून आडवं सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा लाकडी तुकडा. तो फुटला की साचा थांबतो, साचा थांबला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, ओरडतो, आणि जॉबरच्या ओरडण्याने काही होत नाही म्हणून शेवटी मालक ओरडतात. मालकांना कुणीतरी सांगितलं की ओसाकात असे साचे निघालेत की एकेक पोरगी डझनावारी साचे एकटी सांभाळते आणि धोटा फुटत नाही. जपानी कापडाने तेव्हा बाजार भरून गेला होता, त्यामुळे मालकांचा विश्वास बसला. त्यांनी दोन माणसं धाडायचं ठरवलं. साचे बघायला मी, आणि धोटे बघायला आमचे स्टोअरकीपर.

मी तेव्हा विव्हिंग मास्तरांचा असिस्टंट होतो. वय तिशीच्या आत. आमचं घराणं विणकरांचं. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत दख्खनी, आणि गिरणीत साहेबापुरतं इंग्रजी. एवढ्या भाषा येणारा माणूस कुठेही खपतो असा मालकांचा समज होता. स्टोअरकीपर मोहोळचे. घरची जिराईत जमीन भावावर सोपवून गिरणीत सूत मोजायला आले, आणि वीस वर्षांत स्टोअरच्या किल्ल्या त्यांच्या कडदोऱ्याला आल्या. पन्नाशीचा, अंगाने भरलेला माणूस. लाकडाचा वास घेऊन हा धोटा किती दिवस टिकेल ते सांगायचे. सगळी गिरणी त्यांना अण्णा म्हणायची, मीही म्हणायचो. ते मला मास्तर म्हणत, कारण मला नुसतं नावाने हाक मारली तर स्वतःचा मान कमी होतो असं त्यांना वाटे.

मुंबईहून बोटीने निघून कोबेला पोचायला आम्हाला जवळजवळ महिना लागला. त्या प्रवासाचं मी काही सांगत नाही. अण्णांनी तो आडवं पडून केला आणि मी त्यांच्या उशाशी बादली घेऊन केला. त्यांच्यासोबत दोन डबे होते, एकात कडक भाकऱ्या आणि दुसऱ्यात शेंगदाण्याची चटणी. त्यांच्या बायकोने सहा माणसांना वर्षभर पुरेल एवढं दिलं होतं. समुद्रात माशाशिवाय दुसरं काही शिजत नाही असं त्या माउलीला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते फारसं खोटं निघालं नाही.

ओसाकात आठवडाभर आम्ही साचे बघितले. अण्णांनी प्रत्येक कारखान्यात धोटे हुंगले, तेव्हा तिथले लोक त्यांच्याकडे आदराने बघत राहिले. मग रविवार आला. साचेवाल्या कंपनीच्या मॅनेजरने पाहुण्यांचा सन्मान म्हणून एक दिवसाची सहल ठरवून टाकली. नारा आणि क्योतो ही दोन जुनी शहरं, त्यांतली बुद्धाची देवळं, आणि सोबत इंग्रजी जाणणारा वाटाड्या. आम्ही बुद्धाच्या देशातले, तेव्हा आम्हाला याच्याइतका आनंद दुसऱ्या कशाने होणार, असं मॅनेजर म्हणाला. मी मान डोलावली. अण्णांनी मला विचारलं, काय म्हणतोय. मी सांगितलं. अण्णा म्हणाले, त्यापेक्षा दिवसभर झोपू दिलं असतं तर बरं झालं असतं.

वाटाड्या सकाळी स्टेशनवर उभा होता. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. बुटके, सडपातळ, डोक्यावर हॅट, हातात काठी आणि काठीला पांढरा रुमाल बांधलेला. गर्दीत लोक चुकू नयेत म्हणून झेंडा. लोक आम्ही दोनच होतो, आणि त्या अख्ख्या स्टेशनात धोतर नेसलेला माणूस एकच होता. तरीही ते दिवसभर झेंडा वर धरून आमच्यापुढे चालले. त्यांच्याजवळ एक यादी होती. अकरा देवळं, आणि प्रत्येकापुढे किती वाजता पोचायचं आणि किती वाजता निघायचं ते मिनिटांसह लिहिलेलं. आमच्या गिरणीतल्या टाइमकीपरला इतकं जमलं नसतं.

गाडीत बसल्यावर त्यांनी सांगितलं की चार वर्षं ते परदेशी पाहुण्यांना ही देवळं दाखवतात. इंग्रज आले, अमेरिकन आले, एकदा एक जर्मन आला आणि पायऱ्या मोजून गेला. प्रत्येकाला ते सांगतात की हा धर्म तेंजिकूहून आला. तेंजिकू म्हणजे जुन्या जपानी भाषेत आपला देश. पण तेंजिकूचा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. हे बोलताना ते आमच्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने माझ्याकडे लग्नातसुद्धा कुणी बघितलेलं नाही. मला अवघडल्यासारखं झालं. अण्णा खिडकीतून भाताची शेतं बघत होते. एवढं पाणी आणि त्यात नुसता भातच, म्हणून त्यांचा जीव तळमळत होता.

नाऱ्यात उतरल्याबरोबर हरणं आली. तिथे देवळाच्या आवारात शेकड्यांनी हरणं मोकळी फिरतात आणि खायला दिलं की मान लववून नमस्कार करतात. बायका तांदळाच्या कोंड्याच्या पातळ, गोल चकत्या विकायला बसल्या होत्या. अण्णांनी त्या चकत्या हातात घेऊन बघितल्या आणि म्हणाले, ही तर आपली कडक भाकरी. मग डबा उघडून त्यांनी खरी कडक भाकरी काढली आणि एका हरणापुढे धरली. हरणाने नमस्कार केला आणि कुर्रकन चावा घेतला. त्या आवाजावर बाकीची सगळी हरणं वळली.

पुढच्या पाच मिनिटांत आमच्या भाकऱ्या संपल्या. एका हरणाने चटणीच्या डब्यातही नाक घातलं, पण ते लगेच शिंकत मागे सरलं आणि पुन्हा जवळ आलं नाही. दुसऱ्याने अण्णांच्या कोटाच्या खिशातून मालकांना लिहायच्या अहवालाचे कागद काढले. धोट्यांवरचं पान त्याने आमच्या डोळ्यांदेखत खाल्लं. अण्णा रिकामा डबा डोक्याशी धरून मोठ्या देवळाकडे पळाले, मी त्यांच्या मागे, आणि माझ्या मागे झेंडा उंच धरून वाटाडे गृहस्थ. यादीतल्या वेळेच्या सात मिनिटं आधी आम्ही पोचलो. ते खूश झाले.

त्या देवळातला बुद्ध म्हणजे काय सांगावं. बसलेला आहे, तरी आपल्या गिरणीच्या बॉयलरघराएवढा. काशाचा, काळसर, अर्धे डोळे मिटलेला. मी खाली उभा राहून वर बघत होतो आणि मला आमच्या मालकांची आठवण होत होती. तेही असेच बसायचे आणि खाली कोण उभं आहे याचा त्यांना पत्ता नसायचा. अण्णांनी मात्र मनापासून हात जोडले. देवळात शिरताना जोडे काढायला लावले नाहीत, एवढीच त्यांची तक्रार होती.

मागच्या बाजूला एक जाडजूड लाकडी खांब आहे आणि त्याच्या बुंध्याशी आरपार चौकोनी भोक आहे. हे भोक बुद्धाच्या एका नाकपुडीएवढं आहे, आणि त्यातून जो सरपटत पार होईल त्याला पुढच्या जन्मी ज्ञानप्राप्ती होते, असं वाटाड्यांनी सांगितलं. मी भाषांतर केलं. अण्णांनी भोकाकडे बघितलं, पोटाकडे बघितलं आणि विचारलं की ह्याच जन्मी व्हायचं असेल तर काय करायचं. हे मी भाषांतर केलं नाही. तेवढ्यात शाळेच्या पोरींचा एक घोळका आला आणि एकापाठोपाठ एक त्या भोकातून सळसळत गेल्या. ते बघून अण्णांना जोर चढला. कोट काढून माझ्या हातात दिला, टोपी दिली, किल्ल्यांचा जुडगा दिला. तो जुडगा त्यांनी सोलापूरहून आणला होता आणि झोपतानाही काढत नव्हते. मग ते खाली आडवे झाले.

खांद्यापर्यंत गेले. छातीपर्यंत गेले. मग थांबले.

आतून आवाज आला, “मास्तर, अडकलो की वो.”

मी पलीकडे जाऊन बघितलं. दोन हात बाहेर आले होते आणि त्यांच्यामध्ये तांबडालाल चेहरा. साच्याचा पट्टा पुलीवर चढवताना जसा ढिला करतो तसा श्वास सोडा, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी सोडला. वाटाड्यांनी झेंडा एका पोरीच्या हातात दिला, अण्णांचे दोन्ही हात धरले आणि ओढू लागले. मी मागून ढकलायला गेलो. ढकलायला धरण्यासारखं तिथे धोतराशिवाय काही नव्हतं, म्हणून मी धोतर धरलं. पोरींनी मोजायला सुरुवात केली. तिसऱ्या आकड्याला अण्णा बाटलीच्या बुचासारखे पलीकडे गेले, आणि धोतर माझ्या हातात राहिलं.

थंडी बाधते म्हणून कोबेला घेतलेली लोकरीची लांब चड्डी आत होती, हे नशीब. पोरी टाळ्या वाजवत होत्या. अण्णा उठले, माझ्याकडे आले, धोतर घेतलं आणि बुद्धाच्या पाठीमागे जाऊन शांतपणे नेसले. परत आल्यावर एवढंच म्हणाले, “ज्ञान मिळालं म्हणा. पर लई अंग खरचटलं.”

यादीतली दोन देवळं त्यात बुडाली. वाटाड्यांनी पेन्सिलीने त्यांच्यावर रेघ मारली. आणखी तीन आम्ही चालता चालता बघितली, म्हणजे ते बोट दाखवत होते आणि आम्ही मान फिरवत होतो. मग क्योतोची गाडी धरली. भाकरी हरणांच्या पोटात गेली होती, म्हणून स्टेशनाबाहेर भाजलेली रताळी घेतली. आज एकादशी नसताना रताळी खावी लागली म्हणून अण्णा खट्टू झाले, पण पाच खाल्ली.

क्योतोत एका लांबच लांब देवळात करुणेच्या देवीच्या एक हजार एक मूर्ती ओळीने उभ्या आहेत. सगळ्या सारख्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या. प्रत्येकीला चाळीस हात, पण ते हजार धरायचे. मला तर आमचं साचेखातंच आठवलं, तशाच रांगा आणि तशीच मधून जायला अरुंद वाट. अण्णा हळूच म्हणाले की मालकांपुढे ह्या बाईबद्दल बोलू नका, नाहीतर उद्या चाळीस हातांचा विणकर शोधायला लावतील. पुढे राखणदार देवांच्या मूर्ती होत्या. हा ब्रह्मा, हा इंद्र, हा गरुड, असं वाटाडे गृहस्थ त्यांच्या जपानी नावांबरोबर सांगत होते. गावाकडचा माणूस परमुलखात भेटावा तसे अण्णा प्रत्येकाशी थांबत होते. गरुडाच्या तोंडाशी बासरी होती, ती मात्र त्यांना मुळीच पटली नाही. ती गरुडाकडे कशी आली आणि ज्याची होती त्याने ती दिलीच कशी, हे विचारा म्हणून ते माझ्या मागे लागले. मी विचारलं. वाटाड्यांनी वहीत प्रश्न लिहून घेतला आणि म्हणाले की चार वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मग आम्ही एका फार मोठ्या देवळात गेलो. तिथे जोडे काढायचे होते, त्यामुळे अण्णांचं समाधान झालं. माझ्या दोन्ही मोज्यांना अंगठ्याशी भोकं होती. आत एका कोपऱ्यात काळ्या दोराचं वेटोळं ठेवलं होतं. मनगटापेक्षा जाड. मी विणकराचा पोरगा, दोर दिसला की हात जातोच. खाली वाकून पीळ बघितला. ताग नव्हे, सूतही नव्हे. मधेच एखादा धागा पांढरा. मी वाटाड्यांना विचारलं की हे कशाचं आहे. ते म्हणाले, बायकांच्या केसांचं.

जुनं देऊळ आगीत गेलं होतं, म्हणून नवं बांधत होते. एवढाले वासे वर चढवायचे, आणि साधे दोर तुटायचे. तेव्हा गावोगावच्या बायकांनी आपले केस कापून दिले आणि त्यांचे दोर वळले. हे मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी वेटोळ्याभोवती एक फेरी मारली आणि स्टोअरकीपरच्या गंभीरपणे विचारलं की एवढ्या केसांत उवा किती गेल्या असतील. मला हसू आवरेना. केसांचा दोर सुताच्या मानाने किती वजन पेलेल आणि पीळ उजवा की डावा, असलं काहीतरी मी हसत हसत इंग्रजीत बोलून गेलो.

वाटाड्यांनी झेंड्याची काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, ह्यात माझ्या आईचे केस आहेत.

ते लहान असताना आई एक दिवस डोकं भादरून घरी आली. त्यांनी तिला ओळखलं नाही आणि दारातच रडायला लागले. ती जवळ घ्यायला गेली तर ते पळाले आणि शेजारणीच्या मागे लपले. केस परत वाढेपर्यंत त्यांनी तिला आई म्हटलं नाही. ती आता नव्हती. देवळं दाखवायचं काम धरल्यापासून ते दर खेपेला पाहुण्यांना ह्या दोरापाशी आणतात, पण आईचं कुणाला सांगत नाहीत. आम्हाला सांगितलं, कारण आम्ही तेंजिकूचे. आईला मरेपर्यंत वाटत होतं की बुद्धाला जिथे ज्ञान झालं ते झाड एकदा बघावं.

मी हे सगळं अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. उवांचं बोललो ते त्याला कळलं का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. ते वेटोळ्यासमोर उभे राहिले, डोक्यावरची टोपी नीट केली, आणि मग मला म्हणाले, “त्यास्नी सांगा, ते झाड आमच्या घरापासनं बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटंवर हाय. मी बसलोय त्याच्या बुडाशी. त्यांच्या आईच्या नावानं हात जोडीन म्हणावं.”

मी म्हणालो, अण्णा, ते झाड कुठे, मोहोळ कुठे. ते म्हणाले की माणसाला बरं वाटतंय, तुमच्या बापाचं काय जातंय, सांगा.

मी सांगितलं. खोटं त्यांचं होतं, पण इंग्रजी माझं होतं.

गृहस्थांनी हॅट काढली आणि कमरेत वाकले. इतके वाकले की पुन्हा सरळ होतील की नाही असं मला वाटलं. मग त्यांनी खिशातून यादी काढली आणि तिची घडी करून आत ठेवून दिली. राहिलेली देवळं नंतर कधीतरी बघता येतील म्हणाले. त्यांना आम्हाला एका ठिकाणी न्यायचं होतं.

ते त्यांच्या घरच्या गुरुजींचं देऊळ होतं. गल्लीबोळांतून गेल्यावर एक लाकडी दरवाजा, आत अंगणात वाळलेली पानं, आणि आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाएवढी जागा. इथे नाकपुडी नव्हती आणि हरणंही नव्हती. एक ऐंशीच्या पुढचे भिक्षू चटईवर बसले होते. वाटाड्यांनी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, आणि म्हातारा आमच्याकडे बघतच राहिला. शेजारपाजारचे चारपाच लोकही येऊन बसले. आम्हाला हिरवा कडू चहा दिला. मग भिक्षूंनी एक मागणं केलं. तरुणपणी त्यांनी भारतातली जुनी अक्षरं गिरवली होती, शब्द शिकले होते, पण त्या देशाच्या माणसाच्या तोंडून ते कधी ऐकले नव्हते. तेव्हा काहीतरी म्हणून दाखवावं. कानांनी ऐकलं की झालं.

सगळे हात जोडून बसले. मी अण्णांकडे बघितलं. आरत्या येतात, पण टाळ्या वाजल्याशिवाय त्या सुरू होत नाहीत, असं ते पुटपुटले आणि मला कोपराने ढोसून म्हणाले, म्हणा की काहीतरी. मला एरवी चार श्लोक येत होते. त्या क्षणी एकही आठवला नाही. डोकं धुतल्यासारखं स्वच्छ झालं, आणि त्या स्वच्छ डोक्यातून वर आलं ते शाळेत छडीच्या धाकाने पाठ केलेलं. मी डोळे मिटले आणि खर्जात सुरुवात केली.

“एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा.”

औटकीचा पाढा. शाळेत जसा एका सुरात, ओळीच्या शेवटी हेल काढून म्हणायचो तसाच म्हटला. पाच औट, सहा औट, करत दहा औट पस्तीसपर्यंत. कुणी हललं नाही. एका म्हातारीने पदरासारखं काहीतरी डोळ्यांना लावलं. अण्णा माझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते आणि त्यांचे खांदे गदगदत होते. ते रडतायत असं लोकांना वाटलं असणार.

संपल्यावर भिक्षू काही वेळ बोटांवर काहीतरी करत राहिले. मग वाटाड्यांकडे वळून बोलले. वाटाडे गृहस्थ गोंधळलेले दिसले. त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, “गुरुजी विचारतात, एकापासून दहापर्यंतचे आकडे त्यांना ओळखता आले. मधे सात आणि चौदाही ऐकू आले. तुमच्या देशात मंत्र साडेतीनाने वाढतात का?”

मी त्या भिक्षूंकडे बघितलं. डोळे बारीक करून ते माझी वाट बघत होते. आता आणखी खोटं बोलायची माझ्यात ताकद नव्हती. मी सांगून टाकलं. हा पाढा आहे. आम्ही गिरणीतली माणसं आहोत, आम्हाला धोट्यांतलं कळतं. ते झाड मी पाहिलेलं नाही, अण्णांनी पाहिलेलं नाही, ते मोहोळपासून एका दिवसाच्या वाटेवर नाही, किती दिवसांच्या वाटेवर आहे तेही आम्हाला नक्की ठाऊक नाही. अण्णा हे आईचं ऐकून बोलले, आणि मी ते इंग्रजीत सांगितलं.

वाटाड्यांनी ते शब्दाला शब्द लावून भिक्षूंना सांगितलं. त्यांच्या आवाजात काही फरक नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. भिक्षूंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या पोटातून एक आवाज आला, आणि बघता बघता ते मांडी सोडून हसायला लागले. दात नव्हते. शेजारचे लोक आधी घाबरले आणि मग तेही हसले. हसणं ओसरल्यावर त्यांनी विचारलं की साडेतीनाचा पाढा लागतो कशाला. मी म्हणालो, माणसाचं शरीर स्वतःच्या हाताने साडेतीन हात भरतं, असं आमच्याकडे धरतात. त्यांनी तिथल्या तिथे कोपरापासून बोटापर्यंत स्वतःला मोजायला घेतलं आणि पोटाशी येऊन घोटाळले. तेव्हा अण्णा पुढे झाले, म्हाताऱ्याला चटईवर आडवं केलं आणि त्यांचाच हात धरून टाचेपासून टाळूपर्यंत मोजून दाखवलं. साडेतीनाला चार बोटं कमी भरली. वयामुळे उंची आटते, असं अण्णांनी सांगितलं.

मग भात आला, मुळ्याचं लोणचं आलं, आणि अण्णांनी उरलेली चटणी काढली. भिक्षूंनी ती चमचाभर खाल्ली, त्यांचे कान लाल झाले, आणि त्यांनी आणखी मागितली.

वाटाडे गृहस्थ मात्र फारसे जेवले नाहीत. स्टेशनकडे परतताना झेंडा त्यांच्या काखेत होता. अण्णा माझ्या बाजूने चालत होते आणि कुजबुजत होते की माफी मागा. मी दोनदा मागितली होती. प्लॅटफॉर्मवर गाडीला अजून वेळ होता. तिथल्या बाकावर आम्ही तिघे बसलो. बऱ्याच वेळाने गृहस्थांनी वही काढली आणि मला म्हणाले, “त्यांना विचारा, त्यांच्या घरापासून बैलगाडीने एका दिवसाच्या वाटेवर खरोखर काय आहे.”

अण्णा गडबडले. आमच्याकडं काय बघायसारखं न्हाय, असं म्हणाले. मी म्हणालो, आहे ते सांगा. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. घरापुढे लिंब. त्याच्या मागे विहीर, उन्हाळ्यात तळ दिसतो. मग ज्वारी, नजर जाईल तिकडं ज्वारी, काळी जमीन, पाऊस लागला की बैलाचा पाय निघत नाही आणि नाही लागला की भेगांत हात जातो. सकाळी गाडी जुंपली तर संध्याकाळी सोलापूर. वाटेत सावलीला तीन ठिकाणं, त्यातल्या एका ठिकाणी पाणी खारं. कोरडं सांगत होते, पण थांबत नव्हते. मी भाषांतर करत होतो आणि ते गृहस्थ लिहीत होते. लिंबाला, ज्वारीला ते थांबवून स्पेलिंग विचारत. सोलापूरला सोरापुरु म्हणत. गाडी आली तेव्हा त्यांची दोन पानं भरली होती. त्यांनी पुन्हा हॅट काढली, पण या वेळी बेताचेच वाकले.

गाडीत अण्णा म्हणाले, बरा होता माणूस. आणि मग ओसाका येईपर्यंत घोरत होते.

सोलापूरला आल्यावर मालकांनी अहवाल वाचला. धोट्यांचं पान कुठे आहे विचारलं. हरणाने खाल्लं असं आम्ही सांगितलं, तेव्हा त्यांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि जुनेच साचे ठेवायचं ठरवलं. आमच्या गल्लीत माझं व्याख्यान झालं. लोकांनी बुद्धाबद्दल काही विचारलं नाही. एक पोरगी खरंच एवढे साचे सांभाळते का, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. मी व्हय म्हणालो, आणि माझ्याच विणकर लोकांसमोर ते म्हणताना मला बरं वाटलं नाही.

पाचसहा महिन्यांनी गिरणीच्या पत्त्यावर एक पाकीट आलं, इंग्रजीत सुबक अक्षर. वाटाड्यांचं. त्यांनी विचारलं होतं की विहिरीचं पाणी यंदा कितपत आहे. एवढंच. अण्णांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि स्टोअरच्या टेबलावर बसून उत्तर सांगितलं. त्यात त्यांनी एक शब्द वावगा येऊ दिला नाही. पाणी दोन पुरुष उंचीएवढं खाली. ज्वारी चांगली. डावा बैल अधू झालाय. मग वर्षातून दोनदा असंच चालू राहिलं. तिकडून प्रश्न, इकडून उत्तर, मधे मी. अण्णांची उत्तरं इतकी रुक्ष असायची की मला लाज वाटायची, आणि कुठे थोडं रंगवून लिहू का म्हटलं तर ते अंगावर यायचे.

एका उत्तरात अण्णांनी कळवलं होतं की गाय व्यायली. त्यावर तिकडून आलेलं पत्र फार लांबलचक होतं. भिक्षू वारले, शेवटपर्यंत पाढा म्हणत होते पण साडेसतराच्या पुढे जात नव्हते, हरणं पूर्वीसारखीच आहेत, स्वतःचे गुडघे दुखतात म्हणून देवळं दाखवणं सोडलं आहे. आणि शेवटी विचारलं होतं की गाईला काय झालं, गोऱ्हा की कालवड, ते अण्णा लिहायला विसरले.

मी स्टोअरमध्ये जाऊन अण्णांना विचारलं. कालवड झाली होती. मी त्याच दिवशी तसं कळवलं.